कपाट नकाशात आहे का?

आमच्या नात्यात कुणाला जागा घ्यायची उबळ आली, की ती बातमी बँकेच्या आधी नाशिकरोडला मामांकडे पोचते. कशी पोचते, हे कोडं आहे. नवरा-बायकोने रात्री दिवा मालवल्यावर 'बघू या का एखादा टू बीएचके' एवढंच म्हटलेलं असतं, आणि सकाळी साडेसातला फोन वाजतो. "ऐकलं ते खरं का रे?" हो म्हटलं की पलीकडून लगेच, "टोकन दिलं नाहीस ना? नाही ना? मग काही बिघडलेलं नाही. रविवारी येतो."

असा एक माणूस प्रत्येक गोतावळ्यात असतो. कुणाकडे तो काका असतो, कुणाकडे साडू, कुणाकडे सोसायटीचा माजी सेक्रेटरी. त्याने स्वतः जन्मात एकच घर घेतलेलं असतं, पण दुसऱ्यांसाठी पाहिलेल्या घरांची गणती नसते. काही बायकांना लग्नं जमवायचा नाद असतो, तसा ह्यांना व्यवहार मोडायचा नाद आहे, असं आमची मामी म्हणते. मामांचं म्हणणं वेगळं. "मी मोडत नाही. मी फक्त विचारतो. मोडणारा असला तर तो विचारल्यावर मोडतो."

मामांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये झाली. पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट आणि स्टॅम्पपेपर छापणारा हा इंग्रजांच्या काळापासूनचा कारखाना. मामा स्टॅम्पपेपरच्या बाजूला. पुढे लोक ज्याच्यावर आपापली घरं, शेतं आणि भांडणं लिहिणार, तो कोरा कागद त्यांनी तीन तपं हाताळला. त्यावर कोण काय लिहील ह्याची काळजी त्यांना तेव्हापासूनच लागली असावी. गेटवर रोज झडती देऊन बाहेर पडायची सवय असल्यामुळे दुसऱ्याची झडती घेण्यात काही गैर असतं, हेही त्यांना पटत नाही.

सकाळी पेपर आला की लोक आधी मथळे वाचतात, मामांच्या वयाचे लोक निधनवार्ता वाचतात, मामा जाहीर नोटिसा वाचतात. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' इथून सुरू होणाऱ्या त्या बारीक टायपात कुणाचा कोण भाऊ, कुठल्या गटातली किती आर जमीन, हरकत किती दिवसांत घ्यायची, हे सगळं ते प्रेसमधल्या जुन्या भिंगाखाली चवीने वाचतात. एखादं ओळखीचं आडनाव दिसलं की स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने, "ऐकलं का, पंचवटीवाल्यांच्या भावांचं फाटलं!" मामी म्हणते, "चहा गार होतोय."

रविवारी मामा येतात ते रेक्झिनची काळी पिशवी घेऊन. तीत पाच मीटरची टेप, भिंग, जुन्या वजनदार रुपयाचं नाणं आणि नातवाची एक काचेची गोटी. नाण्याने फरशी ठोकायची. बद्द आवाज आला की खाली सिमेंट भरलेलं नाही. गोटी न्हाणीघरात सोडायची. ती जाळीकडे गेली तर उतार बरोबर, दाराकडे आली तर जन्मभर दारात पाणी. गोटी सोडली की मामा उकिडवे बसतात आणि तिच्यामागोमाग सरकत जातात. सेल्स ऑफिसातला टायवाला मुलगा हे पाहून इतका गांगरतो की अॅमेनिटीज सांगायच्या विसरतो.

गंगापूर रोडच्या एका स्कीममध्ये सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलो होतो. मंद दिवे, भिंतीला निळसर कागद, टेबलावर खोटी सफरचंदं. आमची ही खिडकीतला उजेड बघतेय, मी किचनचा ओटा बघतोय, तेवढ्यात मागे वळून पाहतो तर मामा चपला काढून मास्टर बेडरूममधल्या पलंगावर सरळ आडवे. पाय घोट्यापासून पुढे बाहेर. सोबतची मुलगी "सर, सर" करत होती. मामांनी झोपल्या झोपल्याच तिला विचारलं, "बाळा, मी साडेपाच फूट आहे. हा पलंग कुणासाठी केलाय?" खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पल फ्लॅटमधलं सामान लहान करवून घेतात, हे मामांचं जुनं संशोधन. मग टेप निघाली. कार्पेट किती हे सांगणाऱ्या माणसावर मामा कधी विश्वास ठेवत नाहीत, पण अन्यायही करत नाहीत. माझी बेरीज कमी भरली तेव्हा त्यांनीच मला दटावलं, "रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात. बाहेरची भिंत नाही, बाल्कनी नाही. उगाच त्या पोरीला खोटं पाडू नकोस."

जागेबद्दलची खरी माहिती मात्र ते आत विचारत नाहीत. ती बाहेर मिळते, वॉचमनकडे आणि शेजारच्या बिल्डिंगमधून काम करून निघालेल्या बाईकडे. त्यातही विचारण्याची पद्धत आहे. 'पाणी आहे का हो?' असं विचारलं तर कुणीही 'आहे' म्हणतं. मामा विचारतात, "टँकर सकाळी येतो का संध्याकाळी?" टँकर येतच नसेल तर समोरचा गोंधळतो, आणि येत असेल तर वेळ सांगून मोकळा होतो.

आणि मग कपाट.

नाशिकबाहेरच्या माणसाला ह्यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगतो. २०१५च्या आगेमागे नाशकात बांधून पूर्ण झालेल्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले कपाटांपायी अडकले. नियमात कपाटासाठी म्हणून सवलतीत मिळालेली भिंतीतली जागा बांधताना खोलीत ओढून घेतलेली. खोली दोन फूट ऐसपैस झाली आणि एफएसआय हद्दीबाहेर गेला. इमारत उभी, लिफ्ट चालू, माणसं राहायला आलेली, गच्चीवर गणपती बसलेला, पण कागदावर ती इमारत अजून व्हायचीच आहे. दाखला नाही म्हणून बँक कुरकुरते, विकायला काढलं तर गिऱ्हाईक चहा पिऊन जातं ते परत येत नाही. पेपरांनी त्याला 'कपाटकोंडी' असं नाव दिलं होतं. बिल्डर, नगररचना, महापालिका, मंत्रालय असं ते कपाट कितीतरी वर्षं हिंडत होतं. पुढे नियम बदलले, तडजोडी निघाल्या, कोंडी हळूहळू फुटली. मामांच्या डोक्यातली फुटली नाही.

तेव्हापासून मामा कुठल्याही घरात गेले की बसायच्या आधी भिंतीकडे बघतात आणि विचारतात, "हे कपाट नकाशात आहे का?" सत्यनारायणाला गेले तरी विचारतात. धाकट्या मावसभावासाठी मुलगी बघायला इंदिरानगरला गेलो होतो. कांदेपोहे आले, मुलगी आली, सगळे कसनुसं हसत बसलेले, आणि मामांनी मुलीच्या वडिलांना तेच विचारलं. ते बिचारे म्हणाले, "नकाशात नाही, गोदरेजचं आहे. आमच्या लग्नातलं." मावशीने नंतर मामांशी आठवडाभर अबोला धरला. लग्न झालं, ते झालंच. आता तेच सासरे आठवड्याआड फोन करून मामांना विचारतात की आमच्या सोसायटीच्या वाढीव मजल्याचं काय करावं.

नदीकाठच्या जागेला तर मामांची परीक्षा वेगळी. ब्रोशरवर 'रिव्हर व्ह्यू' लिहिलेलं दिसलं की त्यांच्या अंगात येतं. "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं की इथे पार्किंगमध्ये येतं?" नाशिककर गोदावरीचा पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. रामकुंडाजवळच्या त्या उंच मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, असं मोजतात. ज्या सेल्समनला हा प्रश्न कळत नाही तो परगावचा, आणि परगावच्या माणसाने नदीबद्दल दिलेलं आश्वासन मामा धरत नाहीत. मग पिशवीतून पूररेषेच्या नकाशाची झेरॉक्स निघते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. "आता पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे पंचवीस वर्षं थांबायचं असं नदीला कुणी कळवलेलं नाही. २००८ला आला, २०१६ला आला, २०१९ला आला." हे बोलताना त्यांचा आवाज बदलतो. १९६९चा महापूर त्यांनी लहानपणी पाहिलाय. सराफ बाजाराच्या गल्ल्यांतून पाणी कसं वर चढलं ते ते हाताने दाखवतात, आणि त्या वेळी गमतीजमती बंद असतात.

मोबाइल हातात आल्यापासून मामांना नवं बळ मिळालं आहे. २०२३च्या ऑगस्टपासून गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड लागतो, हे नातीने त्यांना शिकवलं आणि पस्तावली. मुंबई नाक्याजवळ भर वाहतुकीत स्कूटर कडेला लावून, दुभाजकावर चढून, एवढ्या उंचावरच्या होर्डिंगवरचा तो चौकोन टिपायची त्यांची धडपड मी पाहिली आहे. ट्रॅफिक पोलीस शिट्टी मारत आला. मामांनी त्यालाच मोबाइल धरायला दिला, कारण तो उंच होता. कोड लागल्यावर दोघांनी मिळून त्या प्रकल्पाची नोंदणी कधीची, ताबा द्यायची तारीख कोणती, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर बँकेचा बोजा किती, हे वाचलं. पोलिसालाही जागा बघायचीच होती. मामांनी त्याला तिथेच उन्हात सांगून टाकलं, "नोंदणी केलेला करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर छदाम द्यायचा नाही. कायदाच आहे. चेक मोठा मागितला की पेन खिशात."

नाशिकला सतत काहीतरी येणार असतं, आणि येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं कात्रण मामांच्या फायलीत असतं. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर चालणाऱ्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी जाहीर झाले, त्याचं कात्रण पिवळं पडलं आहे. त्याच वर्षीचं एका स्कीमचं पत्रकही त्यांनी जपलंय: 'मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर'. मामा म्हणतात, "पाच मिनिटं बरोबर आहेत. कुठल्या सालापासून, ते छापायचं राहिलं." नाशिक-पुणे रेल्वेचं कात्रण त्याहून जाड. आणि सिंहस्थ तर आहेच. २००३ला आला, २०१५ला आला, आता २०२७चा. प्रत्येक वेळी रस्ते रुंद होतात, पूल होतात, आणि दोन वर्षं आधीपासून एजंट 'कुंभानंतर हा भाव मिळायचा नाही' म्हणू लागतात. अशाच एकाने तपोवनाच्या अंगाची जागा दाखवताना हे वाक्य टाकलं, तेव्हा मामांनी आधी झोन दाखला मागितला, साधुग्रामचं आरक्षण कुठवर येतं ते विचारलं, आणि मग म्हणाले, "साधू बारा वर्षांनी येतात हो. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो."

हप्ता हा मामांचा हळवा विषय. पुण्याला आयटीत असलेला माझा चुलतभाऊ राहायला नव्हे, 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून नाशकात फ्लॅट घ्यायला निघाला. एक्सेल शीट घेऊन आला होता. मामांनी लग्नपत्रिकेची पाठ घेतली. "पन्नास लाखांचा फ्लॅट. चाळीस कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षं. हप्ता चौतीस हजार सातशे. बरोबर? भाडं काय येईल?" बारा हजार. "वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस. एक महिना भाडेकरू बदलताना रिकामा, बारा गेले. मेंटेनन्स महिना दोन धर, चोवीस गेले. घरपट्टी आठ धर. राहिले एक लाख. पन्नास लाखांवर दोन टक्के. माझी पोस्टातली सीनियर सिटिझन योजना आठाच्या वर देते, आणि तिचा नळ गळत नाही."

"पण मामा, अप्रिसिएशन—"

"वाढेल ना! नाही कोण म्हणतं? पण ती वाढ विकल्यावर हातात येते. आपल्यात विकतो कोण? आपल्या घराण्यात जागा विकली की लोक विचारतात, धंद्यात बुडाला का. आणि तोवर महिन्याला बावीस हजार सातशे तू खिशातून घालणार. म्हणजे तो तुझा भाडेकरू नाही रे. त्याला तू दत्तक घेतलायस."

भावाने शीट बंद केली. मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून पुढे म्हणाले ते मला आवडलं. राहायला घेणार असशील तर हा हिशेब फाडून टाक, म्हणाले. आईवडील म्हातारे होतायत, त्यांना लिफ्टचं घर हवंय, म्हणून घेत असशील तर दोन टक्के न् दहा टक्के मोजायचं नाही. दवाखाना किती लांब आहे ते मोजायचं.

ह्या माणसाचं ऐकून आमच्या घराण्याचा फायदा झाला का तोटा, ह्यावर दर दिवाळीला वाद होतो आणि हिशेब काही लागत नाही. माझे वडील पाथर्डी फाट्याला प्लॉट घेणार होते, तेव्हाची गोष्ट. मामांनी त्यांना तिथे संध्याकाळी नेलं. "दिवे दिसतायत का? नाहीत. बस कितीची? नाही. इथे बिबट्या येतो, दाजी." दाजींनी प्लॉट घेतला नाही. आता तिथे रात्री अकरालाही पार्किंग मिळत नाही, आणि बिबट्याचं म्हणाल तर तो गंगापूर रोडच्या बंगल्यांतही येऊन जातो. वडील त्या फाट्यावरून जाताना अजून खिडकीची काच वर करतात.

ह्याच्या उलट थोरल्या मावसभावाचं. आडगावच्या अंगाला 'पाच गुंठे, फक्त पाच गुंठे' म्हणत एक एजंट त्याच्या मागे लागला होता. एकाच सातबाऱ्यावर अकरा जणांची नावं चढणार, मधे दगड रोवून प्रत्येकाचा तुकडा वेगळा. मामांनी सातबारा हातात घेतला. मामा सातबारा उजवीकडून वाचतात. डावीकडे मालकाचं नाव असतं, ते कुणालाही वाचता येतं. खरी गोम 'इतर अधिकार' ह्या रकान्यात. तिथे कूळ कायद्याच्या कलम ४३ची नोंद होती. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री नाही. शिवाय तुकडेबंदी. शिवाय शेतजमीन, आणि घेणारा बँकेत कॅशियर.

"तू शेतकरी कधी झालास रे?"

एजंट म्हणाला, "होतील ना काका, दाखला मिळतो. ती त्रेचाळीसची नोंदही निघून जाते. नंतर एनए होणारच आहे."

"नंतर म्हणजे कोणत्या तारखेला?"

हा मामांचा हुकमी प्रश्न. चढ्या आवाजात नाही. वही उघडून, पेनाचं टोपण काढून विचारतात, जणू तारीख मिळाली की लिहून घेणार. एजंटने आकाशाकडे पाहिलं. व्यवहार तिथेच विरला. पुढे त्या जमिनीच्या भावकीत दावे लागले, अकरातले कितीतरी अजून तारखांना जातात. मावसभाऊ मामांचे पाय धरायचा. पण २०२५मध्ये शहरी हद्दीतल्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांना तुकडेबंदीतून मोकळीक द्यायचं सरकारने जाहीर केलं, त्या दिवशी त्यानेच ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली: 'मामांना समर्पित'. मामांचं उत्तर रात्री आलं. 'बातमी दोनदा वाचली. त्रेचाळीसचं त्यात काही नाही. शुभ रात्री.'

डोंबिवलीच्या मेहुण्यांना इगतपुरीत 'सेकंड होम' हवं होतं. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला, आणि मुंबई-ठाण्यातल्या पुष्कळांना धुकं एकदम परवडेल असं वाटू लागलं. मेहुण्यांना जागा नोव्हेंबरात पाहायची होती. मामांनी हट्टाने जुलैत नेलं. बिल्डरचं पत्रक कधी ओलं होत नाही, जागा होते, म्हणून जागा बघायची ती पावसातच, हे त्यांचं ब्रीद. आम्ही छत्र्या उलट्या होत स्कीमवर पोचलो. समोर काही दिसत नव्हतं. तो सेल्समन म्हणत होता, "इथून सर पूर्ण व्हॅली दिसते." मामा त्याला सोडून वॉचमनच्या खोलीकडे गेले. दोरीवर दोन शर्ट आणि एक विजार लोंबत होती. मामांनी शर्टाची बाही दाबून पाहिली.

"हे कधीचे वाळत घातलेत?"

"बुधवारचे, साहेब."

तो रविवार होता. मेहुण्यांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. गाद्या, उशा, भिंतीची बुरशी, महिन्यातून एकदा येऊन आधी दोन तास झाडू, हे सगळं त्या एका नजरेत होतं. परतीच्या वाटेवर मिसळ मेहुण्यांनी खाऊ घातली आणि मामांशी ते बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच फोन करून घोटीचं काही बघता येईल का विचारलं. व्यसन हे असं लागतं.

मामांच्या स्वतःच्या घराविषयी विचारू नये. प्रेसमधल्या सहकाऱ्यांनी मिळून काढलेल्या सोसायटीत, जेल रोडला, त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. पाणी मुबलक, उतार बरोबर, शेजार सोन्यासारखा. फक्त जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नाही. बिल्डर कन्व्हेयन्स न करता गेला, त्याचे वारस तिघे तीन दिशांना, आणि मामा सेक्रेटरी म्हणून डीम्ड कन्व्हेयन्सच्या कागदांमागे आहेत. आणखी एक उतारा, आणखी एक प्रतिज्ञापत्र, आणखी एक तारीख. मामी त्या फायलीला सवत म्हणते. कन्व्हेयन्सचा विषय निघाला की मामा म्हणतात, "होईल." कोणत्या तारखेला, असं त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

मात्र व्यवहार एकदा नक्की ठरला, की हाच माणूस वेगळा होतो. मुलीच्या लग्नातला बाप. मावसबहिणीने गोविंदनगरला फ्लॅट घेतला तेव्हा वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मामांनी दोनदा वाचला, एकदा वकिलासमोर. मग त्यांनी तिच्या नवऱ्याला गॅलरीत बाजूला घेतलं.

"जावईबापू, रागावू नका. बायकांच्या नावावर खरेदी असली की स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट आहे. २०२१पासून. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, तीही २०२३ला काढली. पन्नास लाखांवर पन्नास हजार वाचतात."

"छान की. मग दोघांच्या नावावर करू."

"तिथेच गोम आहे. पुरुषाचं नाव आलं की सूट गेली." मामा थोडे थांबले. "आता तुम्हीच ठरवा, तुमचं नाव पन्नास हजारांचं आहे का."

जावयाने दोन दिवस विचार केला. फ्लॅट मावसबहिणीच्या एकटीच्या नावावर झाला. जावई हल्ली पाहुण्यांना "या, हिच्याकडे या" म्हणतो. विनोद आहे की तक्रार, ते कळत नाही.

नोंदणीच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सगळे वैतागलेले असतात. सर्व्हर गेलेला, पंखा हळू, अंगठ्याचा ठसा उमटत नाही. मामा मात्र माहेरी आल्यासारखे. कुणाचं आधार कार्ड मागे राहिलं, कुणाच्या साक्षीदाराने सही इंग्रजीत केली आणि कुठे मराठीत, हे ते आपलं नसताना सांगत फिरतात. इंडेक्स टू हातात आला की उभ्या उभ्या भिंगाखाली धरतात. नाव, क्षेत्र, गट नंबर, मोबदला. मग पहिल्यांदा चेहरा सैल होतो. "झालं. पेढे कुठायत?"

मावसबहिणीच्या वास्तुशांतीला मामा सर्वांच्या आधी हजर होते. गुरुजी आत कलश मांडत होते, बायका रांगोळी काढत होत्या, आणि मामा न्हाणीघरात दार लोटून. आतून काचेचा टणटण आवाज आला तेव्हा मावशीने कपाळाला हात लावला. बाहेर आले ते खुशीत. मग गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंग बघून आले, पार्किंगचा खांब टेपने मोजून आले, वॉचमनच्या मुलांची नावं विचारून आले. जेवणाच्या पंगतीत पुरणपोळीवर तूप घेता घेता त्यांनी मावसबहिणीच्या सासऱ्यांना कपाटकोंडीचा सगळा इतिहास सांगितला. सासरे बीडचे. त्यांनी दोनदा मान डोलावली आणि तिसऱ्यांदा पोळी मागितली.

आहेराच्या वेळी बाकीच्यांनी साड्या, भिंतीवरची घड्याळं, कॅसेरोल दिले. मामांनी पिशवीतून एक निळी फाइल काढली. आत खरेदीखत, इंडेक्स टू, पूर्णत्वाचा दाखला, मंजूर नकाशा, घरपट्टीचा पहिला उतारा, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स, रंगीत टॅग लावून, वर मावसबहिणीचं नाव मोत्यासारख्या अक्षरांत. नकाशावर एका जागी लाल पेनाने बारीक खूण केलेली. तिने वाकून पाहिलं. कपाट होतं. नकाशात होतं.

ती नमस्काराला वाकली. मामांनी डोक्यावर हात ठेवला, तिच्या मुलांचं सगळं इथेच होऊ दे, सुखाने राहा, असं काय काय म्हणाले. मामीने डोळ्यांना पदर लावला. मग मामा जरा पुढे वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "मूळ कागद बँकेकडे आहेत, त्याची पोच घेऊन ठेव. लॅमिनेशन काही करू नकोस. आणि विकायचं मनात आलं, तर एजंटला सांगायच्या आधी मला फोन."